कठड्यातला हात

काशीनाथ शिगवण माणसांशी जेमतेम बोलायचा, पण वायरिंगशी कडाकडा भांडायचा. कुणाच्याही घरात शिरला की पाण्याचा ग्लास हातात यायच्या आधी बोर्ड उघडायचा, आत डोकावायचा आणि कपाळाला हात लावायचा. "हे कोणी केलंय? त्याला बोलवा आधी, मला त्याचं तोंड बघायचंय." मालक गोरामोरा व्हायचा, कारण दहापैकी सात वेळा ते उपद्व्याप त्याचेच असायचे. एवढं ऐकून घेऊनही लोक पुन्हा काशीनाथलाच बोलवायचे. भाईंदर पूर्वेला खारी गावाच्या अंगाला तो राहायचा, आणि तिथपासून मिरा रोडपर्यंत कितीतरी सोसायट्यांचे वॉचमन त्याला काही न विचारता मीटर रूमची चावी काढून द्यायचे.

अठ्ठावन्नावं वर्ष लागलं होतं. डाव्या हाताची करंगळी वाकडी होती, ती एका जुन्या अपघाताची खूण. जोगेश्वरीच्या कंपनीत मेंटेनन्सला असताना तो शिडीवर काम करत होता, आणि ईश्वर नावाच्या भल्या माणसाने काशीनाथने काढून ठेवलेला फ्यूज बघितला आणि कुणीतरी विसरलं असेल म्हणून परत बसवला. काशीनाथ शिडीवरून फेकला गेला. ईश्वर महिनाभर त्याच्या खाटेशी बसून रडत होता. तेव्हापासून काशीनाथने दोन नेम केले. काम सुरू करताना काढलेला फ्यूज शर्टाच्या खिशात ठेवायचा, काम संपेपर्यंत बाहेर काढायचा नाही. आणि लाइन बंद आहे अशी शंभर टक्के खात्री असली तरी वायरला पहिल्यांदा हाताची पालथी बाजू लावायची. करंट लागला की हाताच्या मुठी वळतात. पालथा हात झटक्याने मागे येतो. तळवा लावलात, तर तोच हात वायर घट्ट धरून बसतो आणि माणूस ओरडतसुद्धा नाही.

ॲलनचा फोन आला तो मे महिन्याच्या शेवटी. ॲलन मिरा रोडला फ्लॅटमध्ये राहायचा. त्याने इलेक्ट्रिक गाडी घेतली आणि सोसायटीने पार्किंगमध्ये चार्जिंग पॉइंट द्यायला साफ नकार दिला.

"शिगवणसाहेब, चौकला आमचं घर आहे ना, उत्तनच्या बाजूला, तिथे डॅडींचं गॅरेज आहे. गाडी तिकडेच ठेवतो. तिकडे प्रॉपर लाइन टाकून द्या. ममा एकटीच असते, तिला बाकी काही टेन्शन देऊ नका."

काशीनाथ सकाळच्या बसने चौकला गेला. घर कौलारू, नीटनेटकं, पुढे मोठं अंगण. अंगणाच्या एका कडेला पत्र्याचं गॅरेज, आणि घर आणि गॅरेजच्या बरोबर मध्ये सिमेंटच्या ओट्यावर पांढरा क्रूस. क्रूसाभोवती कमरेइतका लोखंडी कठडा, निळा रंग दिलेला, समुद्राच्या हवेने जागोजागी पोपडे उडालेले. ॲलनची आई एल्साबाय दारातच उभी होती. सहासष्ट-सदुसष्टची, हडकुळी, पायात चप्पल नाही. तिचा नवरा लुईस चार वर्षांपूर्वी गेला. आधी त्याची होडी होती. मग गुडघे बोलायला लागले तसा त्याने टेम्पो घेतला आणि मासळी भाईंदरच्या बाजारात न्यायला लागला. गॅरेज त्या टेम्पोचं.

"गॅरेजची बत्ती कोणी टाकली, बाय?"

"लुईसनं. सगला त्यानंच केला. कुनाला हात लावू दिला न्हाय."

काशीनाथ एरवी जे बोलला असता ते त्याने गिळलं. मेलेल्या माणसाचं तोंड बघायला कसं मागणार?

तो कामाला लागला. मेन स्विच बंद केला, फ्यूज काढला, खिशात टाकला, टेस्टर लावून सगळे पॉइंट तपासले. घर मेलेलं होतं. पंखा थांबला, फ्रिजची घरघर थांबली आणि मग लाटांचा आवाज एकदम जवळ आल्यासारखा वाटला. दिवसभर त्याने नव्या बोर्डाची जागा आखली, भिंतीला भोकं पाडली, अंगणात चर कुठून खणायचा त्याच्या चुन्याने रेघा मारल्या. त्या रेघा मारतानाच त्याच्या एक गोष्ट ध्यानात आली. एल्साबायच्या दहा-बारा कोंबड्या अख्ख्या अंगणात उकरत होत्या, पण क्रूसाच्या ओट्याजवळ एकही जात नव्हती. हातभर अंतरावर यायच्या, पाय उचलायच्या आणि वळून जायच्या. ओट्याभोवतीची माती तेवढी गुळगुळीत होती, तिथे एक ओरखडा नव्हता.

"इथे दाणे टाकत नाही का?"

"टाकते. खात न्हाईत," एल्साबाय म्हणाली. "त्यांना कलतं, ती जागा लुईसची हाय. बॉस्कोला न्हाय कलला." बॉस्को म्हणजे कुत्रा. मागच्या पावसाळ्यात तो ओट्याला टेकून मेलेला सापडला. म्हातारा झाला होता, असं तीच पुढे म्हणाली.

काशीनाथच्या मानेवरचे केस उभे राहिले. का, ते त्याला नीट सांगता आलं नसतं. त्याने हातातली चुन्याची थैली खाली ठेवली आणि ऊन उतरेपर्यंत ओट्याच्या त्या बाजूला पुन्हा गेला नाही. काम खूप आहे, अशी स्वतःची समजूत घातली.

चर्चची संध्याकाळची घंटा झाली तेव्हा तो गॅरेजमध्ये उभा राहून पत्र्यावर पट्टी मारत होता. आणि त्याच्या डोक्यावरचा बल्ब लागला.

पिवळा, जुना, माशांच्या डागांनी काळवंडलेला बल्ब. तो भक्कन लागला आणि लागलेलाच राहिला. काशीनाथने आधी खिसा चाचपला. फ्यूज होता. बाहेर डोकावून बघितलं तर घरात मिट्ट अंधार, एकही दिवा नाही, पंखे थांबलेले. मेन बंद, फ्यूज त्याच्या छातीवर, आणि गॅरेजात बल्ब जळत होता. चाळीस वर्षं त्याने विजेत काढली, पण असा घाम त्याला शिडीवरून पडतानाही फुटला नव्हता.

घरातून एल्साबाय बाहेर आली. हातात मेणबत्ती. झाडांना घातलेलं पाणी अंगणभर पसरलं होतं, त्यातून ती अनवाणी, सावकाश चालत ओट्याशी गेली. मेणबत्ती ओट्यावर टेकवली आणि उजवा हात, अख्खा तळवा उघडून, कठड्यावर ठेवला. तिचे खांदे किंचित वर उडाले. मग तिने डोळे मिटले आणि ती हसली. नवरा बऱ्याच दिवसांनी घरी आला की बायको हसते, तशी.

"ये भाव," ती डोळे न उघडता म्हणाली. "लुईस घरी हाय. हात लाव, तुला पन कलल."

काशीनाथ गेला. रबरी चप्पल घालून, पालथा हात कठड्याला लावला. काही नाही, नुसतं लोखंड. "तू परका, तुला देनार न्हाय तो," ती म्हणाली. तेव्हा त्याने चपला काढल्या. ओली माती पायाला लागली, आणि पालथ्या हाताचा नुसता स्पर्श झाला तसा कोपरापर्यंत मुंग्यांचा लोट चढला, बोटं आपोआप वळली आणि हात मागे फेकला गेला. क्षणभर, फक्त क्षणभर, त्यालाही वाटलं की पलीकडून कुणीतरी धरायला बघत होतं.

"बाय, हात काढा. आत्ताच्या आत्ता काढा."

तिने काढला, पण काढायला जोर लावावा लागला. "धरून ठेवतो," ती मनगट चोळत म्हणाली. "पावसात तर लय धरतो. मागच्या पावसात सोडीचना. मी म्हनलं, लुईस, सोड रे, जेवन करपल. ओरडाय गेले तर तोंडातून आवाज न्हाय. लय वेल. मग गावाची लाइट गेली आनि त्यानं सोडला."

काशीनाथ पायऱ्यांवर बसला. ही बाई मागच्या पावसात याच जागी मरत होती, गावाची वीज गेली म्हणून वाचली, आणि तेव्हापासून रोज संध्याकाळी त्याच जागी मरायला हात पुढे करत होती. पाऊस दहा-बारा दिवसांवर आला होता. त्याने आत जाऊन शोध घेतला तेव्हा बल्बचं कोडं उलगडलं. देव्हाऱ्याशेजारी, येशूच्या तसबिरीखाली, एकटंच काळं बटण होतं. लुईसने मीटरमधून निघालेली वायर मेन स्विचच्या आधीच फोडली होती आणि गॅरेजची लाइन सरळ तिथून, या बटणातून, नेली होती. फ्यूज काढा, मेन बंद करा, त्या लाइनला कशाचाच पत्ता लागत नव्हता. काशीनाथने बटण बंद केलं. बाहेर बल्ब विझला.

"बंद नको करू," एल्साबाय दारातून कळवळून म्हणाली. "ती बत्ती त्याच्यासाठी. टेम्पो घेऊन येयाचा ना संध्याकाली, अंधारात मागं घेता येत नसं, म्हनून मी घंटा झाली की लावते, सकाली कोंबड्या सोडल्या की बंद करते. बत्ती लावली की तो येतो. न्हाय लावली तर येत न्हाय. मी करून बघितलंय."

तिने करून बघितलं होतं. काशीनाथला तेच ऐकून भडभडून आलं. तिचं निरीक्षण अगदी बरोबर होतं. बटण ती दाबत होती, करंट तीच सोडत होती, आणि जाऊन तिथेच हात ठेवत होती. त्या रात्रीपुरतं त्याने बटणाच्या वायरी सोडवून टोकांना टेप मारली आणि तिला बजावलं, कठड्याला हात लावायचा नाही.

घरी त्याने बायकोला, शुभदाला सगळं सांगितलं. तो जेवला नाही. ॲलनला फोन केला तर ॲलन म्हणाला, "शिट. आम्हाला वाटायचं ममा अशीच काहीतरी बोलते. तुम्ही एक करा, तिला काही एक्सप्लेन करू नका. चुपचाप कापून टाका. तिला वाटेल डॅडी यायचे बंद झाले. हळूहळू विसरेल."

"विसरेल?" काशीनाथचा आवाज चढला. "अरे, तिला वाटेल तो रुसला! ती त्याची वाट बघत राहील तिथे, पावसात, त्याच ओट्यावर. आणि उद्या दुसरी कुठली वायर खराब झाली, तर पुन्हा हात लावेल. तिला सांगायलाच पाहिजे." आयुष्यभर त्याने लोकांना त्यांच्या चुका तोंडावर सांगितल्या होत्या. यावेळी पहिल्यांदाच सांगायची छाती होत नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्याने वीज कंपनीचा माणूस बोलावून खांबावरूनच लाइन सोडवून घेतली आणि ओट्याच्या कडेने खणायला सुरुवात केली. एल्साबायला समोर खुर्ची टाकून बसवलं. केबल फार खोल नव्हती, वीतभर वाळूखाली, पाइप नाही, वर वीट नाही, दोन तारा नुसत्या झोपवलेल्या. ओट्याच्या बुडाशी, जिथे कठड्याचा खांब जमिनीत गाडला होता, तिथे लुईसला वायर कमी पडली होती. त्याने दुसरा तुकडा जोडला होता. जोडावर टेप नव्हती. कापडाची पट्टी गुंडाळून तिच्यावर डांबर फासलं होतं, होडीच्या फळ्यांच्या सांध्याला लावतात ते.

काशीनाथला ते बघून चिडता आलं नाही. जन्मभर समुद्राचं पाणी डांबराने अडवलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार? होडीत जे पाणी आत येऊ देत नाही, ते वायरीतून वीज बाहेर येऊ देणार नाही, असा त्याचा हिशेब. चार पावसाळे टिकलंही असेल. मग खाऱ्या ओलीने डांबर फुटलं, तांबं हिरवं पडलं आणि उघडी तार कठड्याच्या खांबाला टेकली.

त्याने तो तुकडा कापला आणि तिच्या हातात दिला.

"बाय, तुमचा हात धरत होतं ते हे. लुईसभाऊंनी जोड दिला होता, तो खराब झाला. करंट कठड्यात उतरत होता. बटण दाबलं की यायचा, बंद केलं की जायचा. पाऊस आला की जास्त. यात माणूस नाही, बाय. मागच्या वर्षी तुम्ही मेला असता. बॉस्को यानेच मेला."

तिने तो काळा गोळा उलटसुलट केला. नखाने डांबर खरवडलं. आतून निळ्या चौकटीचं कापड दिसलं.

"हा त्याचा शर्ट," ती म्हणाली. "वांद्र्याच्या जत्रंला घेतलेला. मी म्हनायची, गेला कुठं." कोंबड्या लांब उकरत होत्या. "म्हंजे हात त्याचाच व्हता ना, भाव? जोड त्यानंच दिलेला."

तिने पुढचा प्रश्न विचारला तोही तितक्याच शांतपणे. "आनि मग त्या दिवशी सोडवला कोनी?"

"लाइट गेली ना गावाची. कुठेतरी ट्रिप झालं असणार."

"कोनी केला?"

"बाय, कोणी करत नाही, आपोआप होतं."

"त्याच टायमाला?"

तो खाली बघून वाळू काढत राहिला. वीज कंपनीच्या माणसाला विचारून घ्यावं असं त्याच्या मनात आलं, मागच्या पावसात त्या संध्याकाळी काय बिघडलं होतं म्हणून. त्याने विचारलं नाही. कधीच विचारलं नाही.

पुढचे दोन दिवस त्याने जन्मात केलं नसेल इतकं निगुतीने काम केलं. जुनी वायर टोकापासून टोकापर्यंत उपटली. दोन फूट चर, त्यात लोखंडी चिलखताची केबल, वर वाळू, वाळूवर विटा, म्हणजे उद्या कुणी कुदळ मारली तर आधी विटेला लागेल. मेन बोर्डातून गॅरेजला स्वतंत्र लाइन, तिला स्वतंत्र एमसीबी, आणि त्याच्या जोडीला आरसीसीबी, जो इतकासा करंट भलतीकडे गेला तरी माणसाला कळायच्या आत लाइन तोडतो. घरामागे अर्थिंगचा खड्डा, त्यात पट्टी, कोळसा, मीठ. मीटर लावून त्याने तीनदा मोजलं. देव्हाऱ्याशेजारचं बटण काढून तिथलं भोक प्लास्टरने बुजवलं. कठड्याच्या चारही खांबांवर टेस्टर फिरवला.

शेवटच्या दिवशी घंटा झाली तेव्हा एल्साबाय आली. मेणबत्ती नव्हती. "चालू केलं?"

"केलं. गॅरेजची बत्ती बघा, लागलीय."

"मग आधी तू लाव. माज्यासारका."

काशीनाथला कळलं ती काय मागतेय. चपला काढून तो तिने पाणी घातलेल्या मातीत उभा राहिला. मीटर तीनदा शून्य म्हणाला होता. तरी चाळीस वर्षांत जे एकदाही केलं नव्हतं ते आता करायचं होतं. त्याने तळवा उघडला आणि कठडा घट्ट धरला. लोखंड दिवसभराच्या उन्हाने कोमट होतं. बाकी काही नाही. त्याने तिच्याकडे बघून मान हलवली आणि हात काढला.

मग तिने ठेवला. डोळे मिटले. एकदा बोटं घट्ट केली, सैल केली, पुन्हा घट्ट केली, दार वाजवून कोणी ओ देतंय का बघावं तशी. गॅरेजातला बल्ब जळत होता. ती पाच मिनिटं उभी होती, दहा मिनिटं, मेणबत्तीशिवाय, प्रार्थनेशिवाय. काशीनाथला एकदा असंही वाटून गेलं की लागावा, तिला अगदी थोडासा लागावा. त्या विचाराची त्याला स्वतःलाच भीती वाटली.

"न्हाय," ती म्हणाली आणि आत गेली. दार लावून घेतलं. काशीनाथ सामान आवरून शेवटच्या उजेडात बस स्टॉपवर गेला, आणि बसमध्ये बसून, चार माणसं बघत असताना, शर्टाच्या बाहीने डोळे पुसत राहिला.

आठ दिवसांनी तो पुन्हा गेला. पहिला पाऊस पडून गेला होता, आणि अर्थिंगचं माप त्याला ओल्या मातीत पुन्हा एकदा घ्यायचं होतं. कोंबड्या ओट्याला चिकटून किडे टिपत होत्या. एल्साबायने दार उघडलं तेव्हा ती काळ्या कपड्यांत होती, डोक्यापासून पायापर्यंत काळी. कुणी गेलं की काय, म्हणून काशीनाथ दारातच थबकला.

"कोन न्हाय," ती म्हणाली. "लुईस गेला ना. रविवारी देवलात त्याच्या आत्म्यासाठी मिस्सा ठेवलाय. चार वर्सांत एक पन न्हाय ठेवला. फादर बोलून बोलून थकले. मी म्हनायची, जो घरी येतो त्याचा मिस्सा कशाला?" तिने त्याच्यापुढे चहा ठेवला. तिचा हात बशीवर थांबला. "त्या दिवशी सगला गाव गेलेला त्याला मातीत ठेवाला. मी न्हाय गेले. संध्याकाल झालेली. मी आपली गॅरेजची बत्ती लावून बसले."

काशीनाथने चहाला हात लावला नाही.

"आता रविवारी मिस्सा झाला की फुलं घेऊन जायाचं," ती म्हणाली. "पन कुटली कबर त्याची, ते मना ठावं न्हाय. ॲलनला विचाराची लाज वाटते. तू विचारशील त्याला?"